नाव चुकले तर भोगायचे कुणी?



साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ क्रमांकावर एका मुलाची नोंद झाली : भिवा रामजी आंबेडकर. १९१३ साली हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा तो भीमराव होता. दोघे एकच आहेत हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या संगणकापुढे 'भिवा' आणि 'भीमराव' ही दोन वेगळी माणसे आहेत.

हे सुचण्याचे कारण साधे आहे. बचत गटातील एका ताईंचे शेळ्यांसाठीचे कर्ज तीन महिने अडकले. आधारवर त्यांच्या नावाला 'बाई' जोडलेले आहे, पॅनवर नाही. 'नावात तफावत' एवढा शेरा मारून बँकेने फाईल परत केली. मग प्रतिज्ञापत्र, फोटो, साक्षीदार, मजुरी बुडवून चार फेऱ्या. 'बाई' लावले कुणी? नोंदणी करणाऱ्याने. भोगले कुणी? ताईंनी. तेव्हा मला प्रश्न पडला की कर्जाच्या कागदावर नाव चुकले तर त्याचा भार कर्जदारानेच का उचलायचा? सगळीकडे असेच असते का? या शोधात मी अमेरिकेतील तारणी कर्जाच्या कायद्यापर्यंत पोहोचले. त्याचा इतिहास आपल्या तरुणांनी जरूर वाचावा असा आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. जमिनीवर कर्ज काढले तर सातबाऱ्यावर बोजा चढतो. जमीन हलत नाही, तिला गट नंबर असतो. पण ट्रॅक्टर, म्हैस, उभे पीक, दुकानातला माल यांना कुठला गट नंबर? तो माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो आणि त्यावर आधीच कुणाचा बोजा आहे हे नुसते बघून कळत नाही. इंग्लंडमध्ये १६०१ साली ट्वाइन खटल्यात हेच घडले होते. पिअर्स नावाच्या माणसाने एका सावकाराचे देणे चुकवण्यासाठी आपली सगळी मालमत्ता ट्वाइन या दुसऱ्या सावकाराच्या नावे गुपचूप करून दिली, आणि मेंढ्या मात्र स्वतःच कातरत राहिला. न्यायालयाने याला लबाडी ठरवले. गुप्त बोजा चालणार नाही, हे तत्त्व पुढे कायद्यात रुजत गेले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील राज्यांनी अशा बोज्यांची सरकारी कचेरीत नोंद सक्तीची केली. ही नोंद वस्तूखाली नव्हे, तर कर्जदाराच्या नावाखाली लागते. म्हणजे इथे नाव हाच गट नंबर.

आता हे नाव कुणाचे, ते पाहा. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांच्या स्वतंत्र याद्या आहेत. त्यांत नाव मालकाचे. गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८७० साली बहुतेक कृष्णवर्णीय माणसे जनगणनेत पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आली. आणि याच सुमारास दक्षिणेकडील राज्यांनी पिकावर बोजा ठेवण्याचे कायदे केले. जमीन नाही, पैसा नाही, मग बियाणे आणि धान्य दुकानदाराकडून उधार, आणि त्या बदल्यात न उगवलेल्या कापसावर त्याचा बोजा. वही दुकानदाराची, व्याज त्याचे, हिशेबही त्याचाच. काल ज्याला नाव नव्हते, त्याचे नाव आज कर्जदार म्हणून कचेरीच्या दप्तरात चढले. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे सावकाराच्या वहीत कशी उमटली, हे ज्यांनी घरी ऐकले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अलाबामातील नेड कॉब यांना लिहिता-वाचता येत नव्हते. डिसेंबर १९३२ मध्ये कर्जापोटी शेजाऱ्याची जनावरे न्यायला शेरीफची माणसे आली तेव्हा कॉब आडवे उभे राहिले. गोळीबार झाला. कॉब यांनी बारा वर्षे तुरुंगात काढली. त्यांनी तोंडी सांगितलेली जीवनकहाणी १९७४ साली 'ऑल गॉड्स डेंजर्स' या नावाने पुस्तकरूपात आली. त्यात त्यांचे नाव बदललेले आहे, नेट शॉ.

तारणी कर्जाचे हे विखुरलेले कायदे एकत्र करणारी संहिता म्हणजे युनिफॉर्म कमर्शियल कोड. तिचा अधिकृत मसुदा १९५२ साली प्रसिद्ध झाला. तिचे मुख्य शिल्पकार कार्ल लुएलिन हे बाबासाहेबांच्या कोलंबियातच १९५१ पर्यंत प्राध्यापक होते. बाबासाहेबांना कोलंबियाने एलएलडी दिली तेही १९५२ सालीच. (हा केवळ योगायोग आहे, त्यातून कुणी सिद्धांत काढू नये!) या संहितेत सुरुवातीला नावाबाबत ढिलाई होती. किरकोळ चूक चालेल, फक्त ती गंभीर दिशाभूल करणारी नसावी. तेव्हा कारकून हाताने कार्डे चाळत असे, त्याला अंदाज बांधता येई. मग संगणक आला. १ जुलै २००१ पासून बहुतेक राज्यांत नवा नियम लागू झाला : कर्जदाराच्या खऱ्या नावाने, नोंदणी कचेरीच्या ठरलेल्या पद्धतीने शोध घ्या. नोंद सापडली तर ठीक. नाही सापडली तर ती नोंद कुचकामी.

कॅन्ससमधील एका शेतकऱ्याचे कायदेशीर नाव टेरन्स. लोक म्हणत टेरी. अवजारांवर कर्ज देणाऱ्या डीअर कंपनीने 'टेरी' नावाने नोंद केली. शेतकरी दिवाळखोर झाला आणि २००४ साली निकाल लागला : कंपनीचा बोजा गेला. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २००६ साली ट्रॅक्टरचा खटला आला. 'रॉजर' या नावाच्या स्पेलिंगमधला एक 'डी' राहून गेला होता. नंतर कर्ज देणाऱ्या बँकेने 'डी'सकट नोंद केली होती, ती बँक जिंकली. २०२२ साली फ्लोरिडात तर 'बूलेव्हार्ड' हा शब्द संक्षेपाने लिहिला म्हणून बँकेचा बोजा बुडाला.

मात्र यातला कॅलिफोर्नियाचा खटला मला सर्वांत बोचतो. कर्जदार स्ट्रॉबेरी पिकवणारा शेतकरी, आडनावे दोन, मुनोज हुआरेझ. मेक्सिकोच्या रीतीने आधी बापाचे आडनाव, मग आईचे. धनकोने 'मुनोज' नावाने नोंद केली, म्हणजे त्या माणसाच्या रीतीने बरोबरच. दुसऱ्या धनकोने 'हुआरेझ' नावाने केली. न्यायालयाने २००६ साली सांगितले की शेवटचे ते आडनाव, मेक्सिकोची रीत इथे चालणार नाही. आईचे आडनाव सांभाळणाऱ्या समाजाला आपली चौकट लावायची आणि वर तिला 'खरे नाव' म्हणायचे! अखेर २०१० च्या दुरुस्तीने, जी २०१३ पासून लागू झाली, बहुतेक राज्यांनी ठरवले की ड्रायव्हिंग लायसन्सवर असेल तेच नाव. माणूस काय म्हणतो ते नाही, कार्ड काय म्हणते ते.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, हा यंत्राचा अमानुषपणा आहे, माणसाने माणसाला ओळखावे. मला हे पटत नाही. 'गावात सगळे ओळखतात' यावर चालणारा व्यवहार आजवर कुणाच्या बाजूने चालला? लेखी, काटेकोर, सर्वांना सारखी दिसणारी नोंद दुबळ्याच्या फायद्याची असते. परक्या माणसालाही ती तपासता येते.

खरा प्रश्न चुकीचा भार कुणावर, हा आहे. वरचे सगळे खटले पुन्हा पाहा. नाव चुकले आणि हरला तो धनको. कर्जदाराला कुणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही. इतकेच नव्हे, कर्जदाराने नंतर नाव बदलले आणि जुन्या नावाची नोंद दिशाभूल करू लागली, तर धनकोनेच ती दुरुस्त करायची. चार महिन्यांत केली नाही, तर त्यानंतर कर्जदाराकडे आलेल्या मालावर त्याचा बोजा लागत नाही. नाव बदलणे हा कर्जदाराचा हक्क, हिशेब ठेवणे हे धनकोचे काम. धोंड्या, कोंड्या अशी हेटाळणीची नावे दप्तरातून पुसून सन्मानाची नावे घेणाऱ्या आपल्या समाजाला या एका कलमाचे मोल कळेल.

अर्थात अमेरिकेला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. धनको स्वतः सरकार असेल तर? मिशिगनमधील स्पिअरिंग टूल कंपनीवर करखात्याने बोजा नोंदवला. कंपनीचे नाव लिहिताना 'अँड'च्या जागी चिन्ह घातले, 'मॅन्युफॅक्चरिंग'चा संक्षेप केला. कर्ज देणाऱ्या बँकेने खऱ्या नावाने शोध घेतला, बोजा सापडला नाही. २००५ साली संघीय न्यायालयाने निकाल दिला : करखात्याची नोंद वैध, बँकेने इतर संक्षेपांनीही शोधायला हवे होते. खासगी सावकाराला अक्षराची शिस्त, सरकारला माफी.

आमच्या ताईंच्या बँकेला मी लेखी विचारले आहे की 'बाई' या शब्दाच्या तफावतीची दुरुस्ती बँकेने स्वतःच्या खर्चाने का करू नये. दीड महिना झाला, उत्तर नाही. अर्जाची पोचपावती माझ्याकडे आहे. तिच्यावर माझे आडनाव चुकीचे लिहिले आहे.