हिजड्यांचा हक्क : काही कागद, काही पुस्तकं

तृतीयपंथीयांच्या इतिहासावरचे मराठी लेख बहुधा शिखंडी आणि बृहन्नडेपासून सुरू होतात आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालावर उडी घेतात. मधला काळ कुठे जातो, हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षं वाचतो आहे. पुराणातल्या पात्रांवरून खऱ्या माणसांचं जगणं कळत नाही. त्यासाठी जमाखर्चाचे कागद लागतात. तसे कागद आहेत, आणि ते आपल्याच मुलखातले आहेत.

लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचा एक निबंध १९८७ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात आला. निबंध लहान आहे. विषय आहे मुंबई इलाख्यातले हिजडे आणि कंपनी सरकार. (‘हिजडा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कागदांत तोच आहे, आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मकथनाच्या नावात तो स्वतःहून घेतला आहे.) १८१८ला पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती नुसती जमीन आली नाही. वतनं, इनामं, मानपान यांचं सगळं जंजाळ आलं. कोणाचं काय चालू ठेवायचं याची छाननी सुरू झाली, आणि पाटील-कुलकर्णी, देवस्थानं, फकीर यांच्याबरोबर हिजडेही हक्कदार म्हणून पुढे आले. काहींकडे इनाम जमीन होती, काहींकडे ठरलेल्या भागात फिरून धान्य किंवा पैसा मागण्याचा हक्क. मराठा राज्यकर्त्यांनी मान्य केलेला आणि गुरूकडून चेल्याकडे चालत आलेला.

म्हणजे हे मागणं वहिवाटीचं होतं. खळ्यावर आपला वाटा न्यायला येणाऱ्या बलुतेदाराला कोणी भिकारी म्हणत नसे. हिजड्यांच्या मागण्याची जात त्याच्या जवळची. मात्र यावरून पेशवाईत ते सुखात होते असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. हक्क होता म्हणजे मान होता असं नाही. महारकीसुद्धा वतनच होती.

इंग्रज अधिकाऱ्यांपुढे पेच होता. जुन्या सरकारने दिलेली मालमत्ता राखायची हे त्यांचं घोषित धोरण. पण ही माणसं त्यांना किळसवाणी वाटत. त्यात वारशाचा प्रश्न. चेला हा रक्ताचा वारस नव्हे. त्याच्या नावे इनाम चढवायचं म्हणजे ही परंपरा पुढे चालावी म्हणून सरकारने हातभार लावण्यासारखं. १८३० ते १८५०च्या दशकांत यावर पत्रांमागून पत्रं झाली आणि अखेर मागण्याच्या हक्कामागचं सरकारचं पाठबळ निघालं. मागणं थांबलं नाही. फक्त त्याला आता आधाराचा कागद उरला नाही.

उत्तरेत याहून वाईट झालं. जेसिका हिंची यांच्या २०१९च्या पुस्तकात ती हकिकत आहे. १८५२ मध्ये मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला आणि त्यानंतर इंग्रज अंमलदारांनी मारेकऱ्यापेक्षा तिच्या समाजाचीच चौकशी मांडली. तिचा शेवट १८७१च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याच्या दुसऱ्या भागात. संशयितांची नोंदवही, नोंदवहीत नाव असलेला कोणी रस्त्यावर बायकी पोशाखात दिसला किंवा नाचला-गायला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय त्याला दत्तक घेता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. पुण्याकडच्या कलेक्टरांना छळणारा वारशाचा प्रश्न इथे एका कलमात निकालात काढला होता. व्याख्या फक्त ‘पुरुष’ व्यक्तींची होती, त्यामुळे स्त्री म्हणून जन्मलेले ट्रान्स पुरुष या नोंदवहीत सापडत नाहीत. दप्तराला रस्त्यावर दिसणारी माणसंच दिसतात.

हा कायदा तेव्हा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. मुंबई इलाख्यात तो नव्हता. आपल्याकडच्या लिखाणात तो सरसकट देशभर लावला जातो, ते बरोबर नाही. मराठवाड्याचं मात्र वेगळं. निजामाच्या राज्यात फसली १३२९मध्ये, म्हणजे १९१९च्या सुमारास, त्याच धर्तीचा कायदा आला, आणि मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवायला २०२३ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५९ मध्ये भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यातली भिकेची व्याख्या वाचताना मी थबकलो. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या निमित्ताने असो वा नसो. गाणं आणि नाच! इथे हिजड्यांचं नावही घेतलेलं नाही, तरी बारसं झालेल्या घरी टाळी वाजवत येणारं माणूस त्यात नेमकं बसतं.

आत्मकथनं वाचली की या कागदांची दुसरी बाजू दिसते. ए. रेवती मूळच्या तमिळनाडूतल्या शेतकरी घरातल्या. मुंबईत हिजड्यांच्या घरी राहिल्या. दुकानोदुकानी मागायला जाण्याचं त्या लिहितात तेव्हा ते एखाद्या धंद्यासारखं वाटतं, रीतभात असलेलं. कुठला भाग कोणत्या घराचा हे ठरलेलं असतं; दुसऱ्याच्या हद्दीत गेलं की वाद होतो, पंचायत बसते. ठरलेली हद्द, गुरूकडून चेल्याकडे जाणारा हक्क: सरकारने सोडून दिलेली वहिवाट या समाजाने आपल्यापुरती सांभाळली असावी, असा माझा तर्क आहे. पुण्याचा कागद आणि मुंबईचा इलाका यांना जोडणारा थेट पुरावा माझ्या हाती नाही.

२०१६च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या विधेयकात त्यांना भीक मागायला लावणं हा गुन्हा होता. गुरू-चेल्याचं नातंच त्यामुळे कचाट्यात येईल, म्हणून समाजातून कडाडून विरोध झाला आणि २०१९च्या कायद्यात तो शब्द राहिला नाही. त्या वादात सनदेचा, इनामाचा उल्लेख माझ्या वाचनात कुठे आला नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे हजारो रुमाल आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रं वाचून झाली. आता मला ती याद पाहायची आहे, जिच्यात एखाद्या हिजड्याने आपला हक्क स्वतःच्या शब्दांत सांगितला असेल.