छऱ्याच्या बंदुकीच्या नळीची लांबी

छऱ्याच्या बंदुकीच्या नळीची लांबी हे त्या बंदुकीचे वजन, तोल, नेम धरण्याची सोय, आवाज आणि कायदेशीर वर्ग ठरवणारे महत्त्वाचे माप आहे. छऱ्याची बंदूक (शॉटगन) म्हणजे आतून गुळगुळीत नळी असलेली, एका बारात अनेक छर्रे सोडणारी बंदूक होय. रायफलच्या नळीत गोळीला फिरकी देणारे पीळदार आटे असतात, तसे या नळीत नसतात. शिकारी व नेमबाजीच्या बंदुकांची नळी सामान्यतः २६ ते ३२ इंच असते. त्याहून बरीच आखूड, म्हणजे सुमारे २० इंच वा कमी लांबीची नळी असलेल्या बंदुकीला आखूड नळीची बंदूक म्हणतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार संरक्षण किंवा क्रीडेसाठी परवाना मिळणाऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच (५०.८ सें.मी.) असावी लागते. कोकणासारख्या भागात पीकसंरक्षणासाठी बंदुका बाळगल्या जात असल्याने हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

मापन

काडतुसाच्या बंदुकीची नळी बंद स्थितीत, काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंत मोजतात. काडतूस बसते तो भाग, म्हणजे चेंबर, या मापात धरला जातो. ठासणीच्या बंदुकीत नळीचे बूड कायमचे बंद असल्याने आतल्या बुडापासून तोंडापर्यंतचे अंतर मोजले जाते.

नळीची लांबी आणि बंदुकीची एकूण लांबी ही दोन वेगळी मापे आहेत. दुनळी बंदुकीत नळी संपताच दस्त्याचा भाग सुरू होतो. पंप पद्धतीच्या किंवा अर्धस्वयंचलित बंदुकीत नळीमागे यंत्रणेचा लांब डबा असतो. त्यामुळे नळी सारखी असूनही अशी बंदूक दुनळीपेक्षा काही इंच लांब भरते.

नळीची जाडी दाखवणारा ‘बोअर’ हा आकडा लांबीशी संबंधित नाही. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोल गोळा घेतला आणि असे १२ गोळे मिळून एक पौंड वजन झाले, तर ती नळी १२ बोअरची ठरते. तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मि.मी. असतो. आकडा वाढला की व्यास कमी होतो. २० बोअरची नळी सुमारे १५.६ मि.मी. व्यासाची असते.

लांबीचे परिणाम

छऱ्यांचा वेग

नळी जितकी लांब तितका मारा दूरवर, ही समजूत सर्वत्र आढळते. आधुनिक काडतुसांच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. काडतुसातील धूरविरहित दारू पेटल्यावर वायूचा दाब पहिल्या काही इंचांतच कमाल पातळीला पोहोचतो आणि पुढे झपाट्याने उतरतो. नळीचा उरलेला भाग छऱ्यांना थोडाच अधिक वेग देतो. १२ बोअरच्या काडतुसात नळीच्या प्रत्येक इंचामागे वेगात साधारण ५ ते १० फूट प्रतिसेकंद इतका फरक पडतो, असे ढोबळमानाने धरले जाते. बाराचा मूळ वेग १२०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास असतो. त्यामुळे ३० इंची नळीऐवजी २० इंची नळी वापरल्यास वेग सुमारे ५० ते १०० फूट प्रतिसेकंदाने, म्हणजे ४ ते ८ टक्क्यांनी घटतो. छऱ्याच्या बंदुकीच्या नेहमीच्या टप्प्यात या घटीचा परिणाम अल्प असतो.

छऱ्यांचा पसारा

आखूड नळीतून छर्रे आपोआप अधिक पसरतात, ही दुसरी समजूत आहे. पसारा मुख्यतः चोकवर अवलंबून असतो. नळीच्या तोंडाशी आतला व्यास किंचित कमी केलेला असतो, त्या आवळीला चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये ही आवळी सुमारे एक मि.मी. असते. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात पूर्ण चोकच्या नळीचे सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, तर चोक नसलेल्या सरळ नळीचे सुमारे ४० टक्के.

चोक नळीच्या शेवटच्या काही इंचांतच असतो. म्हणून तयार नळीचे तोंड कापले की चोकही जातो आणि पसारा वाढतो. हा परिणाम लांबी घटल्याचा नसून चोक गेल्याचा असतो. कारखान्यातच आखूड घडवलेल्या आणि चोक ठेवलेल्या नळीत छर्रे लांब नळीइतकेच एकत्र राहू शकतात.

तोल आणि नेम

लांबीचा खरा फरक बंदूक हाताळताना जाणवतो. लांब नळीचे वजन पुढे येते. उडत्या लक्ष्यामागे ती एकदा फिरू लागली की संथपणे फिरत राहते आणि मध्येच थांबण्याची चूक कमी होते. डोळा आणि नळीच्या टोकावरील मणी यांतील अंतर मोठे असल्याने नेमातील चूक लवकर लक्षात येते. आखूड नळी चटकन वळते. दाट झाडीत, वाहनात किंवा अरुंद जागेत ती अडकत नाही. मात्र ती तितक्याच चटकन लक्ष्यावरून घसरते. तिचे वजन कमी असल्यास त्याच काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्काही वाढतो.

आवाज, झोत आणि सुरक्षितता

नळी आखूड असली की वायू अधिक दाबाने बाहेर पडतो. त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा होतो आणि अंधारात तोंडाशी निघणारी ज्वाळा डोळे दिपवते. नळीचे तोंड पुढच्या हाताच्या जवळ येते आणि थोड्याशा हालचालीनेही त्याची दिशा खूप बदलते. सोबतच्या माणसाकडे किंवा स्वतःच्या पायाकडे ते नकळत वळण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

इतिहास

काळ्या दारूच्या काळात दारूचा दर्जा असमान असे आणि ती पेटण्यास वेळ लागे. त्यामुळे पक्ष्यांच्या शिकारीच्या बंदुकांना बरीच लांब नळी ठेवली जाई. इंग्लंडमधील कारागीर हेन्री नॉक यांनी १७८७ मध्ये नळीच्या बुडाच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. या रचनेत दारू अधिक वेगाने पेटत असल्याने आखूड नळीही पुरेशी ठरू लागली. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात चोकचा प्रसार झाला. त्याच शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि लांब नळीची तांत्रिक गरज आणखी घटली. १९२० च्या दशकात लंडनचे बंदूक कारागीर रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची नळीच्या बंदुकांचा पुरस्कार केला. त्यावर शिकाऱ्यांमध्ये दीर्घकाळ वाद झाला.

आखूड नळीच्या बंदुकांची परंपरा यापेक्षा जुनी आहे. युरोपातील ब्लंडरबस ही कर्ण्यासारख्या तोंडाची आखूड बंदूक गाड्यांच्या व जहाजांच्या रक्षणासाठी वापरली जात असे. घोडेस्वारांच्या आखूड बंदुकीसाठी मराठीत ‘कराबीन’ किंवा ‘कडाबीन’ हे शब्द रूढ झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने २० इंची नळीची विंचेस्टर १८९७ ही बंदूक खंदकांत वापरली. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्या वापराचा निषेध केला; अमेरिकेने तो फेटाळला.

वापरानुसार निवड

- ३० ते ३२ इंच: ट्रॅप प्रकारातील नेमबाजी आणि दूरच्या, उडत्या लक्ष्यांसाठी. संथ व सलग फिरणे हा मुख्य लाभ.
- २६ ते २८ इंच: सर्वसाधारण वापर. तोल आणि सुटसुटीतपणा यांचा मेळ.
- २४ इंचांच्या आसपास: दाट झाडीतील जवळचा टप्पा. पंप पद्धतीच्या बंदुकीत एकूण लांबी आटोक्यात राहते.
- २० इंच: पहारा व संरक्षण. भारतात सर्वसाधारण परवान्यासाठी हीच खालची मर्यादा आहे.
- २० इंचांपेक्षा कमी: भारतात नेहमीच्या परवान्याच्या कक्षेबाहेर. वेग किंवा माऱ्याच्या दृष्टीने यात लाभ नसून शस्त्र लपवणे तेवढे सोपे होते. बहुतेक देशांनी अशा बंदुकांवर निर्बंध घालण्यामागे हेच कारण आहे.

भारतीय कायदा

नळीच्या लांबीविषयी शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दोन स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिली तरतूद कलम १३ मध्ये आहे. संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, तसेच खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना या कलमाखाली मिळू शकतो. पीकसंरक्षणास ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास त्याच कामासाठी किमान २० इंच नळीची अन्य गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत २० इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत नळीच्या बंदुका सर्वसाधारण बंदुकांपासून वेगळ्या काढून पहिल्या वर्गात ठेवल्या आहेत.

दुसरी तरतूद कलम ६ मध्ये आहे. त्यासाठीचा परवाना नसताना कोणत्याही अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यास हे कलम मनाई करते. या कलमात २० इंचांचा उल्लेख नाही. त्यामुळे ३० इंची नळी कापून २४ इंची केली आणि ती किमान मर्यादेच्या वर राहिली, तरी नळी आखूड करण्याची कृती कलमाच्या शब्दांत बसते. बंदूक बाळगण्याचा परवाना हा नळी कापण्याचा परवाना नव्हे. शस्त्राच्या दुरुस्तीचा व्यवसायही कलम ५ नुसार परवान्याखालीच करता येतो.

कलम ६ च्या उल्लंघनाची शिक्षा कलम २५ मध्ये दिली आहे. ती पूर्वी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, शिवाय दंड, अशी वाढवण्यात आली. याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली.

कोकणातील पीकसंरक्षण

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात हमरापूर व आसपासची गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असली, तरी परिसरातील मुख्य पीक भाताचे आहे. पेण, रोहा आणि दक्षिणेकडे रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत डोंगराला लागून असलेल्या शेतांना रानडुकरांचा, तर बागांना वानर-माकडांचा उपद्रव होतो. त्यामुळे कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या किंवा एकनळी काडतुसाच्या बंदुका बाळगण्याची पद्धत जुनी आहे. रायगड जिल्ह्यात अशा परवान्याचे काम अलिबाग येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून चालते.

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागतात. काडतुसाच्या बंदुकीत हा सारा ऐवज काडतुसात तयारच असतो. भारतात १२ बोअरची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. ‘केएफ’ ही त्यांच्या बुडावरील खूण किर्की, म्हणजे खडकी, या नावावरून आली आहे.

नळी आखूड करण्याचा प्रश्न शेतकऱ्यापुढे बहुधा दुरुस्तीच्या निमित्ताने उभा राहतो. पावसाळ्यात बांधावर टेकलेल्या बंदुकीच्या तोंडात चिखल शिरतो. तो न काढता बार काढल्यास नळी तोंडाशी फुगते किंवा फाटते. पडल्याने तोंड चेपण्याचे प्रकारही घडतात. खराब झालेला तुकडा कापून टाकणे ही अशा वेळी साधी दुरुस्ती वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते नळी आखूड करणे ठरू शकते. शिवाय कापलेल्या नळीचा चोक जातो आणि दूरच्या जनावरावर छर्रे विरळ पडतात. त्यामुळे जनावर जखमी होऊन निसटण्याची शक्यता वाढते. जखमी रानडुक्कर माणसाला अधिक धोकादायक असते.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या वन्यप्राण्याला मारण्यासाठी सक्षम वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

इतर देशांतील मर्यादा

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यानुसार १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या किंवा एकूण २६ इंचांपेक्षा लहान केलेल्या छऱ्याच्या बंदुकीची नोंदणी व कर बंधनकारक करण्यात आला. अशा बंदुकीवरूनच ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिलर’ हा खटला उभा राहिला. १९३९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यात कायद्याच्या बाजूने निर्णय दिला. ब्रिटनमध्ये १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्याने ही मर्यादा २४ इंच ठरवली आहे. तेथे छऱ्याच्या बंदुकीची नळी २४ इंचांच्या खाली कापणे हा गुन्हा आहे. भारताची २० इंचांची मर्यादा या दोन देशांच्या मर्यादांच्या मधली आहे; नळी कापण्यावरील मनाई मात्र लांबीची अट न घालता सर्व अग्निशस्त्रांना लागू होते.

हेही पाहा

- काडतूस
- ठासणीची बंदूक
- शस्त्र अधिनियम, १९५९
- रानडुक्कर
- दारूगोळा कारखाना, खडकी