रुपयातले पावणेअठ्ठ्याण्णव पैसे

दर वर्षी फॉर्म १६ हातात आला की सगळ्या क्यूबिकल्समधून एकच सूर निघतो, "सगळा टॅक्स आपल्याच बोकांडी!" ही ओरड किती जुनी आहे ते शोधायला बसलो आणि शनिवार कसा गेला कळलंच नाही.

भारतात आयकर आला १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी खड्ड्यात गेली होती. ती सावरायला विलायतेहून जेम्स विल्सन आले ('इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढणारे तेच हे!). वर्षाला २०० रुपयांच्या आतल्या कमाईला माफी, ५०० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. जमीनदारही यातून सुटले नव्हते. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी उघड विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावलं. कर लागू झाला २४ जुलैला; ११ ऑगस्टला विल्सन कलकत्त्यातच आजाराने वारले. १८६५ मध्ये हा करही संपला.

१८८६ च्या कायद्याने तो परत आला, पण शेतीचं उत्पन्न वगळून. कारण काय, तर शेतसारा भरतातच ना! आता बंगालच्या जमीनदारांचा सारा १७९३ पासून कायमचा ठरलेला. ते अलगद सुटले, आणि वर्षाला ५०० रुपयांच्या वर पगार घेणारा कारकून रुपयाला ४ पै (१९२ पै म्हणजे एक रुपया) भरू लागला.

मग ५०० च्या आतला माणूस सुटला का? छे. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच झाला. मीठ गरीबही तेवढंच खातो, श्रीमंतही तेवढंच. कमाईच्या मानाने बघा, कोणाला जास्त चटका बसला ते!

आता उलटं टोक. १९७३-७४ मध्ये ११ स्लॅब होते. २ लाखांवरच्या कमाईला ८५ टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार, एकूण ९७.७५ टक्के! कागदावर श्रीमंत पार पिळून निघाले. प्रत्यक्षात? वांच्छू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की असे दर हेच करचुकवेगिरीचं मोठं कारण आहे. धंदेवाल्याला उत्पन्न लपवायची सोय होती. पगारदाराचा कर मात्र पगार हातात पडायच्या आधीच कापलेला. पुढे दर उतरत गेले: १९७४ ला ७७, १९८५ ला ५०, १९९७ ला ३० टक्के.

२०२५ च्या बजेटने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर शून्यावर आणला. पण जीएसटी साबणाच्या वडीवरही आहे, आणि ती वडी आपल्या ऑफिसचा वॉचमनही विकत घेतोच.

म्हणजे आपली ओरड निम्मी खरी. आपल्याला लपवता येत नाही हे खरं. पण "सगळा टॅक्स आपणच भरतो" हे १८८८ मध्येही खरं नव्हतं, आजही नाही. असो, रिटर्न वेळेवर भरा!