शिल्लक

वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला देवानं वर माग म्हटलं, तर तो पैसा मागणार नाही. पैसा तो रोज मोजतोच. तो म्हणेल, "देवा, पासबुक भरून घ्यायला कुणी येणार नाही, अशी एक जागा दाखव."

मला ती जागा देवानं दाखवली नाही, दाजींनी दाखवली. माझी ताई अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सला असते. तिच्या घरी जानेवारीत गेलो, तर दाजी दारात एक भाड्याची आरव्ही घेऊन उभे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं. "चला, वाळवंटात राहू," दाजी म्हणाले. "नळ नाही, वीज नाही, शेजारी नाही!"

"नळ नाही, वीज नाही, यासाठी इतक्या लांब कशाला यायचं?" आमची ही म्हणाली. "ते साताऱ्याला वाड्यात होतंच की!"

खरं आहे. पहाटे पाचला नळाला करंगळीएवढी धार, कळशीभर पाण्यात अंघोळ आणि संध्याकाळी लोडशेडिंग, ही तपश्चर्या आम्ही लहानपणीच उरकली होती. अमेरिकन माणसाला त्यासाठी टाक्या लागतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी, जिच्याबद्दल जेवताना बोलायचं नसतं.

फीनिक्सहून पश्चिमेला दोनशे किलोमीटरवर क्वार्टझ्साइट नावाचं गाव आहे. गारगोटीच्या जातीच्या एका दगडावरून हे नाव पडलं, पण पोस्टात लिहिताना त्यात एक जादा 'स' घुसला, असं सांगतात. कारकुनाची चूक आणि गावाला जन्माचं नाव! मला ते गाव एकदम घरचं वाटलं. एरवी वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तिथं पालसुद्धा सावली शोधते. पण हिवाळ्यात दिवसा गुलाबी ऊन आणि रात्री स्वेटर. मग कॅनडातून, उत्तरेकडच्या राज्यांतून पेन्शनर मंडळींच्या आरव्ही येतात. पंढरीच्या वारीसारख्या; फक्त विठोबाच्या जागी ऊन.

आता प्रश्न असा, की इतकी मोकळी जमीन उरली कशी? आमच्याकडे दीड फूट बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात.

तर 1862 साली तिथल्या सरकारनं कायदा केला. पाच वर्षं राहा, जमीन कसा आणि 160 एकर घेऊन जा. लोकांनी नद्याकाठची, गवताची, काळीभोर जमीन उचलली. या वाळवंटाला कुणी हात लावीना. सरकारनं मग ती 'कुणाचीच नाही' म्हणून खात्यात ठेवली. वास्तविक आधी तिथं यावापाई, मोहावे वगैरे लोक राहत होते. पण मागच्या पानावरची शिल्लक पुढच्या पानावर ओढायची राहिली. ही चूक मी केली असती, तर मेमो मिळाला असता. सरकारला कोण देणार?

1934 साली चराईचा कायदा आला. 1946 साली जमिनीचं जुनं खातं आणि चराईचं खातं यांचं विलीनीकरण होऊन 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' जन्मलं. विलीनीकरण हा शब्द ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो. आमच्या बँकेचंही झालं. पाटी बदलली, मी शिल्लक राहिलो. पण त्या विलीन कारकुनांनी जमीन सांभाळली आणि 1976 साली कायद्यानं ठरलं, की ही जमीन साधारणपणे विकायची नाही, सर्वांची म्हणून राखायची. एकट्या अ‍ॅरिझोनात या खात्याकडे सुमारे 1 कोटी 20 लाख एकर आहे. कुणाला नको होती, म्हणून सगळ्यांना मिळाली!

नियम आहेत बरं का. एका जागी 28 दिवसांत 14 दिवस मुक्काम, मग 25 मैल पुढं सरका. हिवाळाभर राहायचं, तर 1983 पासून वेगळे तळ नेमून दिले आहेत. परवाना काढा आणि 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल खुशाल राहा. गावाशेजारचा ला पोसा हा तळ 11,400 एकरांचा. पाणी भरायची आणि ती तिसरी टाकी रिकामी करायची सोय तिथं आहे.

पण दाजींना तिथं राहायचं नव्हतं. पाणी भरून ते नकाशा घेऊन बसले. त्यात या खात्याची जमीन पिवळी. पिवळ्यात शिरणारा कच्चा रस्ता शोधायचा. गाडी आत घालण्याआधी उतरून चालून बघायचं, वळायला जागा आहे का ते पाहायचं. जुन्या चुलीचे दगड दिसले तर तिथंच थांबायचं, नवी जमीन तुडवायची नाही. आणि वाळूचा सपाट, मऊ पट्टा कितीही मोहक दिसला तरी तिथं मुक्काम नाही. तो कोरडा ओढा असतो. पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्या पलंगाखाली येतो.

जाताना गावातली समाधी पाहिली. दगडांचा छोटा पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. ही हाजी अलीची. गोऱ्यांच्या तोंडी त्याचा 'हाय जॉली' झाला. 1855 साली सरकारनं वाळवंटात सामान वाहायला उंट आणायचे म्हणून 30,000 डॉलर मंजूर केले. 1856 साली उंट आले, उंटांबरोबर हा आला. पुढं यादवी युद्ध झालं, योजना गुंडाळली, उंट लिलावात गेले. योजना बंद, स्टाफ शिल्लक! हा तिथंच राहिला आणि 1902 साली तिथंच गेला. पिरॅमिड 1935 चा. म्हणजे तेहतीस वर्षांनी साहेबांना आठवण आली. मी टोपी काढून नमस्कार केला. ही म्हणाली, "ओळखीचे होते का?" मी म्हटलं, "आमच्याच खात्यातले."

संध्याकाळी जागा मिळाली. चहूकडे काटेरी झुडपं, लांब निळे डोंगर. पिठलं-भात झाला, भांडी तांब्याभर पाण्यात निघाली. त्यात आमची ही पहिली आली. दिवे मालवले. इतकी शांतता, की मला माझ्याच कानांचा आवाज येऊ लागला. खुर्ची टाकून बाहेर बसलो आणि सवयीनं चांदण्या मोजू लागलो. तीनशेच्या पुढं घोटाळा झाला. पुन्हा मोजल्या, आकडा वेगळाच.

वीस वर्षांत पहिल्यांदा हिशेब जुळला नाही आणि मी तसाच झोपलो.