धनुष्याचे थर: कोणते लाकूड कुठे?

धनुष्याला चांगले लाकूड कोणते, हा प्रश्न अपुरा आहे. पट्ट्या चिकटवून बाहू करायचा, तर प्रत्येक पट्टी जाडीत कुठे बसणार हे आधी ठरवावे लागते. लक्ष्याकडची बाजू ती पाठ, धनुर्धराकडचे ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते आणि मध्यावर दोन्ही शून्य होतात.

ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एकाच लाकडाच्या 12 मिमी जाड बाहूत मधल्या 6 मिमीचा वाटा अवघा 12.5 टक्के; उरलेले सगळे काम बाहेरचे तीन-तीन मिलिमीटर करतात. महागडे लाकूड गाभ्यात घालणे म्हणूनच वाया जाते. गाभा हलका असावा, मात्र भुसभुशीत नको. थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर मध्यावरच सर्वाधिक असतो. सरळ रेषांचे मेपल तिथे उत्तम.

पाठ फुटली की धनुष्य मोडते, म्हणून सगळी काळजी पाठीची घेतली जाते. माझ्या मते खरी परीक्षा पोटाची आहे. बहुतेक लाकडे ताण सोसतात तेवढा दाब सोसत नाहीत. 12 मिमीचा बाहू 600 मिमी त्रिज्येत वाकवला, की पाठीचा पृष्ठभाग 1 टक्का लांबतो आणि पोटाचा तेवढाच आखडतो. पोटाचे लाकूड कच्चे असेल तर तंतू चिरडतात. तिरप्या उजेडात पाहिले तर पोटावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात, आणि दोरी उतरवल्यावरही बाहू पुरता सरळ होत नाही. अशा धनुष्याचा बाण मंदावतो. इपे किंवा ओसेज ही लाकडे पोटाला घालतात ती याच कारणाने.

पाठीला बांबू अप्रतिम, कारण त्याचे चिवट तंतू सालीलगत दाटलेले असतात. तासायचा तो आतून. साल शाबूत ठेवावी. पण जाड, रुंद बांबू पोटाला भारी पडतो. मग पाठ पातळ करावी, किंवा कडा तिरप्या तासून ती पोटापेक्षा अरुंद ठेवावी.

1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज युद्धनौकेवर सापडलेली यू लाकडाची धनुष्ये एकसंध आहेत, तरी त्यांत ही विभागणी आहे: पाठीला रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड), पोटाला मध्यकाष्ठ (गाभ्याकडचे). युमी या जपानी धनुष्यात मात्र पाठ आणि पोट दोन्ही बांबूचे. युमीची लांबी दोन मीटरहून अधिक असल्याने तेवढ्याच ओढीत वाक सौम्य राहतो आणि पोटाचा बांबू टिकतो. आखूड धनुष्याला हे गणित लागू करू नये.

आपल्याकडे पाठीला मानवेल बांबू किंवा धामणीचे लाकूड घ्यावे. धामणीचा चिवटपणा हत्यारांच्या दांड्यांत सिद्ध झालेला आहे. पोटासाठी घट्ट, वजनदार बाभूळ तपासण्याजोगी आहे. गाठ नको, आणि रेषा पट्टीच्या कडेतून बाहेर पडणारी नको. लाकडातला ओलावा 8 ते 10 टक्के असावा. कोकणातल्या पावसाळ्यात तो बराच वर जातो, तेव्हा चिकटवण्याचे काम पुढे ढकलावे. इपेसारखे तेलकट लाकूड एपॉक्सी लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसावे.

पोटाची निवड नुसत्या नावावरून करू नये. उमेदवार लाकडांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या एकाच साच्यावर तासभर वाकवून ठेवाव्यात, मग सोडून सपाट फळीवर टेकवाव्यात. जिच्याखाली सर्वांत कमी फट राहील, ती पोटाला.