फरार

आंबोली म्हटले की आम्हा सिंधुदुर्गकरांना धबधबा आठवतो. नोव्हेंबर २०१७पासून आणखी एक गोष्ट आठवते. सांगलीच्या पोलीस कोठडीत मेलेल्या अनिकेत कोथळेचे प्रेत याच घाटात जाळल्याचा आरोप पोलिसांवरच आला. आधी सांगितले होते, आरोपी फरार.

उर्दूच्या तासाला आम्ही ‘फरार’चा अर्थ ‘पलायन’ असा सांगतो. पोलिसांच्या तोंडून तो आम्ही आधीही ऐकला होता. परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३मध्ये पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना जीप दरीत गेली, तो पळाला. सीआयडीने ही कहाणी खोटी ठरवली.

पण बचाव तिथेच उभा राहिला होता. पळाला म्हणजे प्रेत नाही; प्रेत नाही तर शवविच्छेदन नाही. (कायद्याने प्रेताशिवायही खून शाबीत होतो, वाट मात्र फार लांबते.) दुसरी ढाल कलम १९७ची, सरकारी मंजुरीची. मंजुरी १४ जणांवर मागितली, मिळाली चौघांपुरती. सचिन वाझे त्यांतले एक. २०१८मध्ये निर्दोष सुटलेल्या एका सहआरोपी डॉक्टरने मारहाण पाहिल्याची साक्ष दिली, आणखी पोलिसांची नावे घेतली. त्यांनाही आरोपी करा म्हणणारे विशेष सरकारी वकीलच त्या वर्षी हटवले गेले. वाझे २०२०मध्ये सेवेत परतले, २०२१मध्ये दुसऱ्याच प्रकरणात बडतर्फ झाले.

युनूसच्या आईला हायकोर्टाने भरपाई दिली. फातिहा पढायला कबर मात्र नाही.