निजामशाहीच्या राण्या आणि त्यांचे अलंकार



आपल्या घरच्या लग्नात नवरीच्या भांगात टीका बसतो, एका बाजूला झूमर डोलते, गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा पडतो. आजची मानकरीण कोण, हे मग कोणाला विचारावे लागत नाही. राजघराण्यातील स्त्रियांच्या दागिन्यांचे कामही हेच. दरबारात बसलेली स्त्री कोण आणि तिचा अधिकार किती, हे पाहणाऱ्याला न सांगता समजावे! युरोपच्या राण्या समारंभाला रत्नजडित टिआरा घालतात. आपल्याकडे शिरपेच आणि कलगी या सत्तेच्या खुणा, पण त्या बहुधा पुरुषांच्याच माथ्यावर. भोपाळच्या नवाब सुलतान जहान बेगम मात्र बुरख्यावर ताज घालून समारंभाला जात, कारण त्या स्वतःच राज्यकर्त्या होत्या. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपतीही त्याच झाल्या.

परंतु भोपाळपर्यंत जाण्याचे कारण नाही. शिरूरला घोड किंवा दौंडला भीमा ओलांडली की नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) लागतो. नगर ही निजामशाहीची राजधानी. तेथील सुलतान हुसेन निजामशहा याच्या गौरवार्थ आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेले असून त्यातील १२ चित्रे शिल्लक आहेत.

या काव्यात सुलतानाबरोबर त्याची बेगम खुंजा हुमायून हिचीही मुक्तकंठाने स्तुती आहे. चित्रकाराने तर तिला सुलतानाशेजारी बसविले. परपुरुषाच्या दृष्टीस न पडणारी बेगम शाही ग्रंथात अशी उघडपणे यावी, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. पण चित्र निरखून पाहिले की मन चरकते. दासींच्या गोंडे लावलेल्या लांब वेण्या, हातांतील बांगड्या, गळ्यातील माळा सारे शाबूत आहे. बेगमेची आकृती मात्र बहुतेक ठिकाणी पुसून किंवा रंग फासून नाहीशी केली आहे.

असे का व्हावे? जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार आईने हाती घेतला. तिने आपल्या भावांना मोठ्या जागा दिल्या, सरदार बिथरले, आणि १५६९ साली मुलानेच आईला कैद केले. तिची चित्रे त्यानंतर पुसली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. भावांना पुढे केले हा तिचा दोष खराच. पण त्या काळच्या कोणत्या वजिराने आपल्या नातलगांना पुढे केले नाही? त्यांची चित्रे कोणी पुसली नाहीत.

हिचीच कन्या चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला तेव्हा बापाने तिला सोलापूरचा किल्ला आंदण दिला. मुलीच्या अंगावर किती तोळे घालणार, असे विचारणारे सोयरे आजही भेटतात. तेथे तर किल्लाच घातला होता, आणि त्याच सोलापुरावरून पुढे दोन्ही राज्ये भांडत राहिली.

डिसेंबर १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. फेब्रुवारीत सुरुंगाने तट उडाला, तेव्हा विधवा चांदबिबी चिलखत चढवून, मुखावर बुरखा आणि हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा बांधला गेला. वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला वाचला. दारूगोळा संपला तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली आणि शेवटी आपले दागिने घातले, अशी आख्यायिका आहे. तिला इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. तरीही लोकांनी या सुलतानेच्या दागिन्यांची आठवण ठेवली ती तिच्या अंगावरची नव्हे, तोफेच्या तोंडातली, हे मला महत्त्वाचे वाटते.

१६०० साली, मोगलांना फितूर झाल्याच्या संशयावरून, तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. नगरजवळच्या डोंगरावरील उंच इमारत 'चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवतात. सहलीला गेलात तर जरूर पाहा, मात्र ती तिचा महाल नव्हे. तेथे मुर्तझाचा वजीर सलाबतखान पुरला आहे.